मदत हवी आहे: ग्रो टेंटमधल्या वायरींचं जंजाळ कसं आवरू? (१ ऑक्टोबरच्या आत)

मोहर्ली_रोड
नमस्कार मंडळी. टेंटमधल्या वायरी आवरायच्या आहेत. लाइट, पंखे, मोटर, सगळ्यांच्या वायरी अशा गुंतल्या आहेत की एक लाइट खाली घ्यायचा म्हटला तर पंखा ओढला जाते. दोन एक्सटेंशन बोर्ड आत पडून आहेत. सुतळीनं बांधून पाह्यलं, केबल टाय मारून पाह्यले, आठ दिवसांत परत तेच. व्हिडिओच्या लिंका देऊ नका, सगळे पाहून झाले. त्या लोकांच्या घरात दर हातावर सॉकेट राह्यते. १ तारखेला गेट उघडते, त्याच्या आत हे निपटवायचं आहे. नेटच्या दोनच दांड्या आहेत, फोटो चढत नाही.

जय_बिछायत_केंद्र
भाऊ, आमचा मंडपाचाच धंदा आहे, २० वर्षं झाली. वायर कधी जमिनीवर टाकायची नाही, बल्लीच्या वरून न्यायची. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप मारा. लाल टेप म्हणजे गेटचा लाइट, पिवळी म्हणजे स्टेज. रात्री १२ वाजता काही बंद पडलं तर शोधत बसावं लागत नाही. गेट किती फुटाचं आहे? आणि जनरेटर कोणाचा?

मोहर्ली_रोड
काकाजी, मंडप नाही. ग्रो टेंट. खोलीत उभा करतात तो, आतून चांदीसारखा. गेट म्हणजे ताडोब्याचं गेट.

पऱ्हाटी
ग्रो टेंट म्हणजे लाइटखाली झाडं लावतात तोच ना? काय लावलं आहे ते काऊन सांगत नाही भाऊ? 😄 एनडीपीएस नावाचा अमली पदार्थांचा कायदा आहे, १९८५ चा.

मोहर्ली_रोड
हे येणारच होतं. लेट्यूस आणि बेसिल आहे, पाण्यातलं. रिसॉर्टवाल्यांना द्यायचं आहे. त्यांचा माल नागपूरवरून येते आणि येईपर्यंत पानं कोमेजते. आता वायरीचं सांगा.

पुण्यातला_वऱ्हाडी
टेंटचं माप किती? लाइट किती वॅटचे? ड्रायव्हर, म्हणजे लाइटला करंट पुरवणारा डबा, लाइटलाच चिकटलेला आहे की सुटा? आत नेमकं काय काय चालतं? वायर आत येण्यासाठी कापडाला वरती गोल बाह्या असतात, त्या वापरता की चेनच्या फटीतून वायर घेतली आहे? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

मोहर्ली_रोड
४ बाय ४. १२० वॅटचे दोन लाइट, ड्रायव्हर लाइटच्या पाठीवर. एक एक्झॉस्ट, दोन क्लिपचे पंखे, टबातली मोटर, हवेचा पंप, ह्युमिडिफायर. वायरी चेनच्या फटीतून. बाह्यांतून पिन जात नाही.

वर्धेकर_शेतकरी
एवढ्या लोडला साधी लाइन टिकणार नाही. मीटरपासून वेगळी ४ एमएमची वायर ओढा आणि १६ अँपियरचा सॉकेट घ्या. मी बोअरला तसंच केलं.

पुण्यातला_वऱ्हाडी
बोअर आणि हे कुठे. हिशोब करू: दोन लाइटचे २४०, एक्झॉस्टचे ४० धरा, पंखे ३०, मोटर आणि हवेचा पंप मिळून २५, ह्युमिडिफायर ३०. झाले ३६५ वॅट. २३० ने भागा, दीड-पावणेदोन अँपियर. साधा ६ अँपियरचा सॉकेट आरामात झेपवतो. बोर्ड जळतात ते बहुतेक ढिल्या पिनमुळे, लोडमुळे नाही. एक्सटेंशनच्या पॉइंटला पिन हलते का, काळी पडली आहे का, ते बघा.

वर्धेकर_शेतकरी
पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. इथं व्होल्टेज १७० वर येते संध्याकाळी.

पुण्यातला_वऱ्हाडी
मग १७० ने भागा. सव्वादोन अँपियरही होत नाही.

आर्वीची_सूनबाई
मी गच्चीवरच्या खोलीत मायक्रोग्रीन करते, रॅक आहे, टेंट नाही. पण एक विचारू का दादा? सप्टेंबरात ह्युमिडिफायर कायले लागते? आमच्या इकडं भिंतीला हात लावला तर हात ओला होते. तो काढा, एक वायर तिथंच कमी. तो उन्हाळ्यात लावायचा, मार्चपासून.

मोहर्ली_रोड
टेंटसोबत आला होता म्हणून लावला. बरोबर आहे ताई, काढतो.

केशर_क्रांती
लेट्यूस कायले लावता? त्याच टेंटमध्ये केशर लावा, वायरींची कटकटच नाही, कंद ट्रेमध्ये नुसते ठेवायचे. किलोला लाखांत भाव आहे. माहितीसाठी मेसेज करा.

पऱ्हाटी
किलोभर सुक्या केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. ४ बाय ४ मध्ये किती फुलं येतात ते मोजून सांगा, मग मेसेज करतो. आणि इथल्या ऑक्टोबर हीटमध्ये खोली गार ठेवायला एसी लागन, त्याची वायर कोण आवरन?

मोहर्ली_रोड
विषयावर या ना बापा. अजून एक, टायमर लावला आहे तरी लाइट कधी पण लागते. संध्याकाळी ६ ते सकाळी १० लावला होता, काल दुपारी १ पर्यंत चालू. हे पण वायरीच्या गुंत्यानं होते का?

निवृत्त_वायरमन
गुंत्यानं नाही. तुमचा टायमर गोल चकतीचा, दात खालीवर करायचा आहे का? ती चकती लाइनवरच फिरते. लाइन ३ तास गेली की चकती ३ तास उभी, घड्याळ तेवढंच मागं. म्हणून १० चे १ वाजले. आपल्याकडं तो चालत नाही. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, लाइन गेली तरी वेळ चालू राह्यते. रात्री लाइट लावायचं मात्र तुम्ही बरोबर केलं, टेंट गार राह्यते.

मोहर्ली_रोड
काकाजी, हे एकानंही व्हिडिओत सांगितलं नाही.

पऱ्हाटी
त्यांच्याकडं लाइन जातच नाही, ते काय सांगतीन. आपल्याकडं चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडते आणि बाजूच्या गावात कंदील.

सोलरवाले_भाऊ
सगळ्याला एकच उत्तर, सोलर टाका. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. लाइन गेली तरी टेंट चालू.

पुण्यातला_वऱ्हाडी
त्या योजनेत सहसा बसवतात ते बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे लाइनलाच जोडलेलं. लाइन गेली की तेही बंद पडतं, मुद्दामच तसं बनवलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या पॅनेलचा करंट बसेल. आणि याचे लाइट चालतात रात्री.

सोलरवाले_भाऊ
बॅटरी घेता येते वेगळी.

निवृत्त_वायरमन
सोलर राहू द्या. मोहर्लीवाले भाऊ, पाणी खाली, बोर्ड पण खाली, हे मला पटत नाही. टेंटच्या पाइपला हात लावल्यावर कधी काही वाटलं का? खरं सांगा.

मोहर्ली_रोड
थोड्या झिणझिण्या येते. पायात चप्पल नसली तरच. टेस्टर लावला तर मिणमिण लागते. मी म्हटलं नवीन लाइट आहे, असंच राहत असन.

आर्वीची_सूनबाई
अहो दादा! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!!

निवृत्त_वायरमन
आधी पिना काढा. लाइटचा प्लग कसा आहे आणि बोर्डात कसा बसवला ते सांगा, मग पुढं बोलू.

मोहर्ली_रोड
ऑनलाइन मागवला, पिना चपट्या आल्या. ते पांढरं कन्व्हर्टर राह्यते ना, २० रुपयांचं, ते लावलं. एक्सटेंशन दोन पिनचं आहे. पाइपला लाइट लोखंडी साखळीनं टांगला आहे.

वर्धेकर_शेतकरी
सोपा इलाज सांगतो. बोर्डातल्या न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या भोकाला जोडून द्या. झिणझिण्या बंद. आमच्या घरी १० वर्षांपासून तसंच आहे.

निवृत्त_वायरमन
हे कोणीच करू नका. वर्धेकर भाऊ, तुम्ही पण आज काढून टाका. डीपीपासून घरापर्यंत कुठं न्यूट्रल तुटला, किंवा कोणी बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर तोच तुकडा लाइटच्या बॉडीवर सरळ फेज आणून ठेवते. मग झिणझिण्या येणार नाहीत, माणूस चिकटन. १० वर्षं काही झालं नाही म्हणजे १० वर्षं न्यूट्रल तुटला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर्धेकर_शेतकरी
सगळं गाव असंच करते काकाजी.

निवृत्त_वायरमन
मी त्याच गावांतून ३० वर्षं शिडी फिरवली आहे, मला सांगू नका.

पुण्यातला_वऱ्हाडी
झिणझिण्यांचं कारण दोनपैकी एक. ड्रायव्हरमध्ये फिल्टर असतो, त्याचे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी, पण ओल्या पायाला कळतो. दुसरं कारण, आत खरंच कुठेतरी वायर सोलली आहे. टेस्टर दोन्हींत लागतो, त्यावरून फरक कळत नाही. ते स्वस्तातलं कन्व्हर्टर अर्थ पुढे नेतच नाही, म्हणून आधी ते फेका.

निवृत्त_वायरमन
बरोबर. आता क्रमानं करा. दुकानातून चांगला थ्री पिन टॉप आणा, चपटी पिन कापून तो बसवून घ्या. त्याची मोठी पिन लांब राह्यते ती उगाच नाही, आत जाताना अर्थ सगळ्यात आधी लागावा आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. दोन पिनचं एक्सटेंशन घरातून काढूनच टाका. मेनपाशी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, वायरमनकडून बसवून घ्या. आणि घराला अर्थिंग आहे का ते बघा. कवेलूच्या जुन्या घरांत कितीदा अर्थची वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथंच संपते.

मोहर्ली_रोड
अर्थिंग आहे, मोरीच्या मागं पाइप गाडला आहे. पिन कापली तर वॉरंटी जाईन ना?

पऱ्हाटी
वॉरंटी लाइटची आहे, तुह्यी नाही.

निवृत्त_वायरमन
मोरीमागं आहे तर चांगलं, ओल राहील. आपली काळी माती आता पावसाळ्यात अर्थिंग मस्त देते. एप्रिलमध्ये तीच भेगाळते, पाइपपासून सुटते, मग अर्थिंग नावालाच. कोळसा-मीठ भरलं असलं तरी उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाकत जा.

मोहर्ली_रोड
ठीक. कळलं. पण वायरी कशा आवरू ते राहूनच गेलं!!

पुण्यातला_वऱ्हाडी
सांगतो. टेंटच्या आत एकही बोर्ड नको, जोडही नको. टेंटच्या बाहेर भिंतीवर छातीच्या उंचीला प्लायवूडचा दीड बाय दोन फुटाचा तुकडा ठोका. सहा पॉइंटचा एकच बोर्ड, टायमर, सगळं त्यावर. ड्रायव्हर स्क्रूवर असेल आणि लाइटकडची वायर लांब मिळत असेल तर ड्रायव्हरही तिथेच आणा. त्याची उष्णता टेंटबाहेर राहते आणि लाइट हलका होतो. नसेल तर राहू द्या, कापाकापी करू नका. नाहीतरी लाइटचा टॉप बदलणारच आहात, तर टॉप काढलेला असताना वायर वरच्या बाहीतून घ्या आणि बाहेर आल्यावर टॉप बसवा. पिन जात नाही हा प्रश्नच मिटला.

आत वायर फक्त मागच्या एका खांबाला. दर वीतभर अंतरावर कापडी चिकटपट्टी, ती उघडून परत लावता येते. केबल टाय कापावा लागतो म्हणून तुमचं आठवड्यात परत तेच होतं. लाइटची वायर मात्र खांबाला ताणून बांधू नका. लाइट जेवढा खालीवर होतो तेवढी ढील वरच्या आडव्या पाइपवर सैल वेटोळ्यात ठेवा. लाइटला साखळीऐवजी कप्पीच्या दोऱ्या घ्या, म्हणजे एका हातानं खालीवर होतो, आणि त्या दोरीभोवती वायर गुंडाळायची नाही. उरलेल्या वायरचं घट्ट गुंडाळं करून कोपऱ्यात कोंबू नका, ते तापतं.

निवृत्त_वायरमन
एक राहिलं. टबाच्या मोटरची वायर बोर्डात जाण्याआधी खाली पोट पडलं पाहिजे आणि मग वर चढली पाहिजे. वायरवरून आलेलं पाणी त्या पोटातून टपकते, सॉकेटात जात नाही. आणि बिछायतवाल्यांची रंगीत टेप खरंच मारा, दोन्ही टोकांना. अंधारात मोटरऐवजी लाइट बंद केला असं होत नाही.

जय_बिछायत_केंद्र
🙏 मोहर्लीकडं लग्न असलं तर सांगजो भाऊ.

आर्वीची_सूनबाई
उंदरांचं कोणीच बोललं नाही. माझ्या रॅकची वायर दोनदा कुरतडली. शेवटी खालच्या हातभर भागात पीव्हीसीचा कडक पाइप चढवला. धान्याची कोठी शेजारी आहे का दादा?

मोहर्ली_रोड
शेजारीच आहे ताई. सोयाबीन आली की उंदीर येतेच.

पऱ्हाटी
मांजर पाळा.

वर्धेकर_शेतकरी
मांजर टेंटात जाऊन झोपते, गरम राह्यते म्हणून. आमच्या कोंबडीच्या बल्बखाली झोपते.

मोहर्ली_रोड (६ दिवसांनी)
अपडेट देतो. ह्युमिडिफायर काढला. प्लाय ठोकला, सहा पॉइंटचा बोर्ड त्यावर, थ्री पिन टॉप बसवले, वायरी बाहीतून. वायरमन भद्रावतीवरून आला. मोरीमागच्या पाइपला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, नुसती गुंडाळून ठेवली होती, ५ वर्षांपासून. ती जोडली. आरसीसीबी लावल्या लावल्या पडला, दोनदा. एकेक पिन काढत गेलो तर लाइट दोन्ही ठीक, टबाची मोटर खराब निघाली. म्हणजे झिणझिण्या लाइटच्या आणि खरा धोका पाण्यात. ती मोटर फेकली. आता अनवाणी पायानं पाइप धरला तरी काही नाही. डिजिटल टायमर पण आला.

एकच राहिलं, क्लिपच्या एका पंख्याची वायर बोर्डापर्यंत हातभर कमी पडते. जोड देऊन इन्सुलेशन टेप मारली तर चालन का?

निवृत्त_वायरमन
टेंटात जोड नको म्हटलं ना. पंखा बोर्डाच्या बाजूच्या खांबाला लावा.

केशर_क्रांती
टेंट रिकामा झाला की सांगा, कंद आहेत.