सामाईक सबस्ट्रिंगला डबल लूप "पुरतो" म्हणे!

खिडकीवाला: परवा एकाने पायथॉनबद्दल छातीठोकपणे लिहिलं: "यादीतल्या कुठल्या स्ट्रिंग्समध्ये (अक्षरांच्या माळांमध्ये) सामाईक तुकडा, म्हणजे सबस्ट्रिंग, आहे हे काढायला कॉम्बिनेशन्स लावा (डबल लूपसारखी प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी), मग तुलना करणारं डिफलिब लावा, चार ओळी, विषय संपला. बाकी सगळी शोबाजी." खाली अंगठ्यांची रांग! अहो, १ लाख स्ट्रिंग्सच्या जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. प्रत्येक जोडीला डिफलिबचा सिक्वेन्समॅचर चालवणार? त्यापेक्षा किमान लांबी ठरवा, समजा ४. प्रत्येक स्ट्रिंगवरून ४ची खिडकी सरकवत न्या. डिफॉल्टडिक्ट म्हणजे नव्या कीला आपोआप रिकामा कप्पा देणारा कोश: तुकडा ही की (किल्ली), स्ट्रिंगचा क्रमांक तिच्या कप्प्यातल्या सेटमध्ये. हाच माझा इंडेक्स. ज्या सेटमध्ये एकाहून जास्त क्रमांक, ते सोबती. ४ किंवा त्याहून लांब काही सामाईक असेल तर ४चा तुकडा सामाईक असणारच, म्हणजे निसटत काही नाही.

चार_ओळी: ती पोस्ट माझी. विचारणाऱ्याकडे ६० नावं होती. १७७० जोड्या. एंटरवरचं बोट उचलेपर्यंत उत्तर येतं. १ लाख कुठून आणलेत?

खिडकीवाला: ६०च तर आहेत म्हणून लिहिलेला असाच एक लूप आमच्या गळ्यात पडला होता. लिहिणारा नोकरी सोडून गेला, यादी फुगत गेली. रात्री लावून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर स्वारी अजून यादीच्या सुरुवातीलाच घुटमळतेय.

चार_ओळी: म्हणजे तुमच्या ऑफिसातला राग माझ्या पोस्टवर. छान.

शंकासुर: तुमचं चालू द्या, पण डिफलिबवर डोळे झाकून विसंबू नका. दुसरी स्ट्रिंग २०० किंवा त्याहून लांब असली की त्यात १ टक्क्याहून जास्त वेळा येणारी अक्षरं ते परस्पर 'पॉप्युलर' म्हणून वगळतं. ढळढळीत दिसणारा तुकडाही मग सापडत नाही. ते बंद करायला ऑटोजंक फॉल्स द्या. सोय पायथॉन ३.२ पासून आहे, डॉक्युमेंटेशन उघडतं कोण!

चार_ओळी: बरं बाबा, ऑटोजंक तुमचं. पण २०० अक्षरांचं नाव कुणाचं असतं ते सांगा.

काना_मात्रा: सगळे रोमन यादी धरून भांडताय. आपली अक्षरं टाकून बघितलीत? 'स्त्री'ची लेन (लांबी) ६ येते, हलन्त आणि मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ३ची खिडकी लावा, पहिलाच तुकडा स, हलन्त, त. तोच 'पुस्तक'मध्ये, तोच 'रस्ता'मध्ये. झाले तिघे भाऊबंद! आणि 'दुसऱ्या'मधला ऱ एका फाइलीत एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक), दुसरीत र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखे, जुळत मात्र नाहीत. आधी एनएफसी करा, म्हणजे असे दोन्ही प्रकार एकाच रूपात आणा, मग अक्कल शिकवा.

खिडकीवाला: मूळ प्रश्न देवनागरीचा नव्हताच.

काना_मात्रा: कधीच नसतो! टेस्टिंगला कायम एबीसी, आणि खरा डेटा आला की आमच्याकडे धाव. मी वर्षानुवर्षं हेच निस्तरतोय.

शंकासुर: रेजेक्स मॉड्यूलचा बॅकस्लॅश एक्स वापरा ना, तो काना-मात्रेसकट अक्षर एक धरतो.

काना_मात्रा: वापरतो. युनिकोड १५.१च्या आधीच्या नियमांनी 'स्त्री'चे स्, त्, री असे तीन भाग पडतात. जोडाक्षर फुटतंच, पण 'पुस्तक'शी जुळलेली खोटी सोयरीक तरी तुटते.

चार_ओळी: हे सगळं ६० नावांसाठी. धन्य आहे.

शंकासुर: आणि गट कसे पाडणार, ते राहिलंच. कमळ, मळकट, कटकट. पहिल्या दोघांत 'मळ', पुढच्या दोघांत 'कट'. कमळ आणि कटकट यांच्यात नुसता 'क'. तिघांचा एक गट करणार की दोन? युनियन-फाइंड लावलंत, म्हणजे जोडीला जोडी सांधत गेलात, तर तिघेही एकाच पोत्यात.

खिडकीवाला: माझ्या इंडेक्समध्ये तुकड्यागणिक वेगळा सेट आहे, त्यामुळे एक स्ट्रिंग दोन गटांत सुखाने राहते. डबल लूपवाले नुसत्या जोड्या हातात देतात, गट तुम्ही पाडा.

चार_ओळी: घ्या, ६० हजारांना तुमचा इंडेक्स. ६०ला माझा लूप. अंगठे मात्र परत देणार नाही.

काना_मात्रा: एनएफसी दोघांनीही केलेलं नाही अजून.