फक्त मराठी लेखनावर घर चालवायचं आहे, सल्ला हवा

कोराकागद: पूर्णवेळ लेखन आणि इंग्रजीतून अनुवाद करायचा विचार आहे. पुण्यात महिन्याला ४० हजार लागतात. कशावर किती भिस्त ठेवावी? करारात काय पाहावं?

दौतटाक: पुस्तकाच्या रॉयल्टीवर भिस्त नको. किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के धरली, तर सगळ्या प्रती खपूनही १५ हजारच होतात. त्यातही रॉयल्टी छापील किमतीवर आहे की निव्वळ विक्रीवर, हे वाचा. विक्रेत्याचं ४० टक्के कमिशन वजा करून हिशेब झाला, तर हेच १५ हजार ९ हजारांवर येतात.

महिन्याचा खर्च अनुवादातून काढा. दिवसाला १५०० शब्द नीट होतात, त्यापुढे गेलं की तपासणी कच्ची राहते. २० दिवसांचे ३० हजार शब्द, पण कामं सलग मिळत नाहीत. म्हणून २० हजारच धरा, म्हणजे तुमचा दर शब्दामागे २ रुपयांखाली जायला नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्द कुठल्या मजकुराचे मोजणार, हे आधी ठरवा. ‘इन द हाउस’चं आपण ‘घरात’ करतो, तिनाचा एक शब्द होतो. मराठी मजकूर मोजला की तेवढेच पैसे कमी मिळतात. मूळ इंग्रजी शब्दसंख्येवरच दर लावा.

उभीरेघ: कराराबद्दल. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर लेखी, सहीनिशी सोपवावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणूनच छापील मसुद्यात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द हमखास असतात. ते खोडायला सांगा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट किंवा मालिका असा एकेक हक्क वेगळा लिहा आणि प्रकाशक जे खरोखर वापरणार आहे तेवढंच द्या.

कोराकागद: आणि मालिका?

उभीरेघ: पैसा बरा असतो, पण मालिका कधी बंद होईल याचा नेम नसतो. एपिसोडमागचा दर, किती वेळा पुनर्लेखन करायचं आणि नाकारलेल्या मसुद्याचे किती मिळणार, हे तिन्ही लिहून घ्या. नाकारलेल्या मसुद्याचं कलम नसलं की महिनाभराचं काम फुकट जातं. गोष्ट ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, ऑनलाइन होते. त्या नोंदीने तारखेचा पुरावा मिळतो, कल्पनेची मालकी नाही. म्हणून नुसतं कथाबीज न नोंदवता सविस्तर मसुदा नोंदवा.

हिशेबनीस: एका संस्थेकडून वर्षात ५० हजारांहून जास्त मानधन मिळालं, तर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला प्राप्तिकर, कापतात. पॅन दिला नसेल तर २० टक्के. बिलावर पॅन, कामाचं नाव, शब्दसंख्या, दर आणि पैसे देण्याची मुदत लिहा. कापलेली रक्कम तुमच्या नावावर भरली गेली का, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला बघा. कापून न भरणारे असतात, आणि वर्ष उलटल्यावर त्यांच्यामागे लागणं फार जड जातं. भरलेला कर देय करापेक्षा जास्त असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. तोवर मात्र ४० हजारांच्या बिलाचे ३६ हजारच हातात येणार, घरखर्च त्यावर बसवा.