प्रतिसाद: वर्गणी कशाला?

'आपदा मित्रचं (आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांची सरकारी योजना) 12 दिवसांचं प्रशिक्षण झालंय, मग बचाव स्वयंसेवकांच्या संघटनेची वर्गणी कशाला?' असं वर विचारलंय. कारण सराव नसला की हात विसरतात.

आपल्या मराठवाड्यात विहिरीत पडलेल्यांना काढायचे कॉल काही कमी नसतात. 11 मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर सगळेच आणतात, पण दगडी काठावर जाड गोणपाट किंवा जुना फायर होज टाकायचा राहतो आणि दोर तिथंच कातरतो. संघटनेत प्रत्येक दोराची नोंदवही असते. पडत्या वजनाचा झटका बसलेला किंवा बॅटरीचं ॲसिड लागलेला दोर बाद. एकट्यादुकट्याकडून हे होत नाही (खरं सांगा, कोण लिहितं?).

शिवाय गोदावरीच्या पुरात नांदेड-परभणीची पथकं एकत्र आली, तर शिट्टीचे इशारे एकच हवेत. विम्याचं मात्र आधी विचारा: सरावातला अपघात धरतात का?