मदत हवी आहे: एकाच पीसीवर वेलँड आणि एक्स ११, दोन्हीकडे ईमॅक्स नीट चालवायचंय

मंडळी, माझ्या लिनक्स पीसीवर दोन डेस्कटॉप आहेत, ग्नोम वेलँडवर आणि एक्सएफसीई एक्स ११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणा, वेलँड नवी आणि एक्स ११ जुनी), आणि दोन्हीकडे मला ईमॅक्स २९ हाच टेक्स्ट एडिटर लागतो. अडचण अशी की ईमॅक्सचं नेहमीचं जीटीके बिल्ड (एक्स ११ साठीचं) ग्नोममध्ये एक्सवेलँडमधून, म्हणजे एक्स ११ चे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या थरातून चालतं आणि स्केलिंग १५०% असल्यामुळे अक्षरं धुरकट दिसतात, दिवसभर तेच वाचायचं तर डोळे दुखतात.

म्हणून सोर्सवरून पीजीटीके ऑप्शन (थेट वेलँडवर चालणारं बिल्ड) देऊन कंपाइल केलं. वेलँडवर एकदम स्वच्छ! पण तेच एक्सएफसीईत उघडलं की एक्स ११ वर हे बिल्ड सपोर्टेड नाही अशी वॉर्निंग येते, आणि काही की-कॉम्बिनेशन चालतच नाहीत.

स्केलिंग १००% करून पाहिलं, अक्षरं फार बारीक होतात. फॉन्ट बदलून फरक नाही. कॉन्फिग रिकामी ठेवूनही तेच, म्हणजे पॅकेजचा दोष नसावा. जोडाक्षरं दोन्हीकडे बरोबर दिसतात, तो प्रश्न नाही. टर्मिनलमध्ये चालवा असं कृपया सुचवू नका, पीडीएफ आणि चित्रं आतच बघायची असतात. एक्सएफसीई सोडणंही सध्या शक्य नाही.

आता दोन्ही बिल्ड वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून, लॉगिनला सेशन टाइप (वेलँड की एक्स ११) बघून योग्य ते डीमन म्हणून, म्हणजे मागे सतत चालू राहील असं, सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट लिहायचा विचार आहे. असं कुणी केलंय का, आणि दोन्ही बिल्डना एकच कॉन्फिग आणि एकच पॅकेज फोल्डर दिलं तर कंपाइल झालेल्या फाइल्स एकमेकांत अडकतात का?