नर्सिंगची प्राध्यापकी, पण ग्रामीण आरोग्य धरून: पीएचडीची मांडणी कशी करावी?

पाणवठा

कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये मास्टर्स झालंय, शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे. पुढे पीएचडी आणि प्राध्यापकी ग्रामीण आरोग्यातच करायची, हे पक्कं आहे. तीन शंका आहेत.

पहिली, प्रस्तावाची. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची दोन गावं घ्यायची, प्रत्येकी 200 जण. एका गावात नर्सच्या गृहभेटी, दुसऱ्यात नेहमीची सेवा, आणि 6 महिन्यांनी रक्तदाबाची तुलना. हे चालेल का? दुसरी, विद्यार्थ्यांचं पोस्टिंग याच गावांत ठेवून मोजमापाचं काम त्यांच्याकडून करून घ्यावं का? तिसरी, बढतीच्या वेळी गावातलं काम कुणी धरत नाही असं ऐकते. त्यावर उपाय काय?

सरासरीचा_शत्रू

दोन गावांचा आराखडा आजच बाद करा. कागदावर 400 माणसं दिसतात, पण तुलना एका गावाची दुसऱ्या एका गावाशी आहे. एका गावात औषधांचा पुरवठा दोन महिने तुटला किंवा चांगला डॉक्टर बदलून गेला, तर तो फरक तुमच्या गृहभेटींच्या खात्यात जमा होईल. पुढे कितीही भारी सांख्यिकी लावली तरी तो वेगळा काढता येत नाही.

एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. पाणी तेच, दवाखाना तोच, सवयीही बऱ्याचशा त्याच. त्यामुळे 200 वा माणूस नवी माहिती फारशी देत नाही. याचं गणित सोपं आहे: डिझाइन इफेक्ट (माणसं गावागावाने घेतल्यामुळे नमुन्याची किंमत किती पटीने घटते ते) = 1 + (गावामागे माणसं − 1) × गावांतर्गत सहसंबंध (एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी किती, याचं माप). हा सहसंबंध 0.05 धरू. दर गावी 200 जण असतील तर 1 + 199 × 0.05, म्हणजे 10.95. तुमच्या 400 माणसांची किंमत जेमतेम 37 स्वतंत्र माणसांएवढी उरली. तीच 400 माणसं 20 गावांतून दर गावी 20 अशी घेतली, तर इफेक्ट 1.95 आणि किंमत साधारण 205. माणसं तेवढीच, मोजमापं तेवढीच, वाढला तो फक्त प्रवास. 10 गावं इकडे, 10 तिकडे, आणि कुठलं गाव कुठे जाणार ते चिठ्ठ्यांनी किंवा संगणकाने ठरवा. सोयीने ठरवलंत तर रस्त्यालगतची सगळी गावं गृहभेटींच्या गटात जाऊन बसतील.

0.05 हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय. तुमच्या भागातल्या जुन्या पाहणीतून किंवा छोट्या पायलट अभ्यासातून तो काढा, आणि 10 ते 15 टक्के माणसं मधेच गळतील असं धरून संख्या वाढवा. लागून असलेली दोन गावं वेगवेगळ्या गटांत टाकू नका. बाजार, शाळा, नातीगोती एकच असली की तुमचा सल्ला आठवड्याभरात पलीकडे पोचतो.

आणखी एक खड्डा. एकदाच मोजून ज्यांचा रक्तदाब चढा आला तेवढेच निवडले, तर पुढच्या खेपेला त्यांचा सरासरी रक्तदाब काहीही न करता थोडा उतरलेला दिसतो. म्हणून निवड दोन वेगळ्या दिवशींच्या मोजमापांवर करा. तुलना 'आधी-नंतर'ची नको, दोन गटांमधली हवी.

मळवाट

वरचं गणित बरोबर आहे, पण पायाखालचा हिशोबही करा. दिवस 8 तासांचा. गाव जायला 2 तास, यायला 2. उरले 4. एक गृहभेट 40 मिनिटांची, एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात 15 मिनिटं. म्हणजे दिवसाला 4 घरं. 20 घरांच्या एका गावाला एका माणसाचे 5 दिवस, 20 गावांना 100. आणि ही फक्त एक फेरी. या हिशोबाशिवाय लिहिलेलं वेळापत्रक पहिल्या पावसात कोलमडतं.

दिवसा दार उघडं सापडतं ते म्हाताऱ्यांचं आणि आजाऱ्यांचं. कामाला गेलेली माणसं निसटतात आणि नमुना एका बाजूला कलतो. बंद घराला निदान दोन फेऱ्या ठेवा, त्यातली एक संध्याकाळची. बंद दाराऐवजी शेजारचं घर घ्यायची मुभा कुणालाही देऊ नका.

कफ_लहान_पडला

विद्यार्थ्यांबद्दल. पोस्टिंग त्याच गावांत जरूर ठेवा, पण पीएचडीचं मुख्य मोजमाप त्यांच्या हातात देऊ नका. गुणांच्या धाकाने सही घेणारा विद्यार्थी आणि 'नाही' म्हणायला संकोचणारं घर, यातून निघालेली संमती ही संमती नव्हे. शिवाय ज्याने भेटी दिल्या त्यानेच मोजायचं असेल, तर आकडा नकळत हवा तसा वाचला जातो. मोजणाऱ्याला गावाचा गट माहीत नसावा.

मोजमाप शिकवताना हे घोटवून घ्या: 5 मिनिटं शांत बसवणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद, 1 मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं. कफमधली (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातली) फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या 80 टक्के तरी लांब हवी. ती लहान पडली तर रक्तदाब खोटाच चढा येतो.

हाताने घेतलेली वाचनं 2 च्या पटीत नोंदवतात, म्हणजे शेवटचा अंक 0, 2, 4, 6 किंवा 8. नीट मोजलं असेल तर 0 साधारण दर 5 पैकी एकदा यावा. वहीत अर्धी वाचनं 120, 130, 140 अशी दिसली तर तिथे मोजण्यापेक्षा अंदाज जास्त झालाय. दर आठवड्याला हे तपासायला 10 मिनिटं पुरतात.

गृहभेटीच्या नोंदीत 'सल्ला दिला' हे दोन शब्द मी तरी खोडूनच टाकते. काय सांगितलं आणि घरच्यांनी ते स्वतःच्या शब्दांत परत काय सांगितलं, हे लिहायला लावा. गोळी रिकाम्या पोटी की जेवल्यावर, याचं उलटं उत्तर तिथेच सापडतं.

चौथा_रकाना

बढतीचं. ऐकलंय ते बऱ्याच अंशी खरं आहे. 'समाजसेवा' या रकान्यात टाकलेलं काम बहुतेक समित्या ओझरतं बघतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बोयर यांनी 1990 मध्ये विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन. तुमचं गावातलं काम उपयोजनात बसतं, पण त्याची कागदपत्रं असतील तरच. प्रश्न काय होता, पद्धत कोणती वापरली, काय बदललं, बाहेरच्या जाणकारांनी ते तपासलं का, आणि दुसऱ्या कुणाला ते उचलता येईल का? शिबिरांचे फोटो यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

सैद्धांतिक चौकट हवी असेल तर लाँग आणि वाइनर्ट या नर्सिंग संशोधकांची 1989 ची ग्रामीण नर्सिंगची मांडणी मुळातून वाचा. 'काम करता येतंय तोवर आपण धडधाकट' ही धारणा, स्वतःचं स्वतः निभावणं, आतले-बाहेरचे हा भेद, आणि अनामिकतेचा अभाव (सगळे सगळ्यांना ओळखतात), हे तिचे मुख्य धागे. अमेरिकेतल्या विरळ वस्तीच्या मोंटाना राज्यातून ती आलीय, तेव्हा दाट वस्तीच्या गावांना ती जशीच्या तशी लावू नका. कुठे बसत नाही ते दाखवलंत तर तोच एक चांगला लेख होईल.

पाणवठा

सगळ्यांचे आभार. आता आराखडा असा: 20 गावं, दर गावी 20 जण, गट संगणकाने ठरवायचे, मोजणारे वेगळे. तुलनेच्या गावांना अभ्यास संपल्यावर गृहभेटी द्यायच्या. अनामिकतेसाठी नावांऐवजी क्रमांक घालतेय, तेवढं पुरेल ना?

चौथा_रकाना

नाही. '52 वर्षांची विधवा मुख्याध्यापिका' असं लिहिलंत की गावाला नावाची गरज उरत नाही. वय गटात द्या, व्यवसाय ढोबळ ठेवा, गावांनाही क्रमांकच द्या, आणि तक्त्यातल्या ज्या चौकटीत 5 पेक्षा कमी माणसं येतात ती शेजारच्या चौकटीत मिळवून टाका. मुलाखतींतली अवतरणं छापण्याआधी त्याच भागातल्या, पण अभ्यासाबाहेरच्या एखाद्या आरोग्य कर्मचाऱ्याला वाचायला द्या. मात्र आधी त्यातल्या उघड खुणा पुसा, गोपनीयतेचं लेखी घ्या आणि नैतिकता समितीच्या अर्जात हे नमूद करा. त्याला माणूस ओळखू आला, तर अवतरण बदला.

मळवाट

आणि क्रमांक-नावांची यादी वेगळ्या कुलपात. फॉर्मांच्या पिशवीत ती कधीही जाऊ देऊ नका, पिशव्या गाडीत विसरतात.