पेट्रोल वाढलं की तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

तापीकाठ: "उद्यापासून वाढणार" हा मेसेज फिरला अन् पंपावर रांग. जानेवारी २०२४ चा ट्रकवाल्यांचा संप आठवला, तेव्हाही अशाच रांगा. अरे भो, १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू शकतो. रुपयाने वाढला तरी बाईकच्या आठ लिटरला आठच रुपये. खरोखर उपयोगी पडतं ते टाका इथे. राजकारण नको.

धुळे_गॅरेज: आधी मायलेज मोजा, मग बोंबला. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, २०० किमी चालवा, त्याच पंपावर परत तशीच फुल. २०० भागिले लागलेले लिटर.
स्पार्क प्लग काढून बघा. टोक विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर तुंबलेला, नाहीतर चोक अडकलेला. फोमचा फिल्टर धुता येतो, कागदी धुवू नका, बदला. बीएस-६ ला (नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांना) कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं, तिथे कार्बोरेटरचा स्क्रू शोधत बसू नये.
आणि मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन फार ताणलीय. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच निघतं.

केळीपट्टा_रावेर: हवा राहिली की. सकाळी टायर थंड असताना भरा. मे महिन्यात दुपारी गेज जास्त दाखवतो, मग लोक हवा सोडतात न् रात्री टायर बसतं.

अमळनेरची_ताई: पहाटे भरलं तर पेट्रोल जास्त येतं म्हणतात, खरं का?

नोझलवाला_शिरपूर: नाही ताई. टाकी जमिनीखाली, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. ११० रुपयांचं टाका, १०० चं नको, हेही उगाच. आधी शून्य बघा, मग लिटर गुणिले भाव. शंका आली तर पंपावरचं शिक्क्याचं ५ लिटरचं माप मागा, २५ मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर तक्रार करा. फिल्टर पेपरही मागता येतो: एक थेंब टाका, उडून गेल्यावर डाग उरला तर भेसळ.
उन्हाळ्यात काठोकाठ भरू नका. २० अंश तापलं तर दहा लिटरचं पाव लिटरच्या आसपास फुगतं, अन् झाकणातून गळतं.

केळीपट्टा_रावेर: बठ्ठं खरं शे. पण आमच्याकडून मध्य प्रदेशात जाऊन काही उपयोग नाही, तिकडे आपल्याहून महाग. नवापूरवाल्यांची मजा.

नवापूरकर: मजा कसली. गुजरातचा व्हॅट कमी, लिटरमागे आठ-दहा रुपये वाचतात, म्हणजे आठ लिटरला जास्तीत जास्त ऐंशी. पंप २० किमीवर असेल तर जाऊन-येऊन ४० किमी, ५० च्या मायलेजने पाऊण लिटरहून जास्त जळलं. वाचलं तेवढंच गेलं. आमच्यासारखे हद्दीवरच राहणारेच जातात.

धुळे_गॅरेज: पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचंही लिहितो. त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा, म्हणून २० टक्के मिसळलं की मायलेज थोडं पडतंच, गाडीला दोष देऊ नका. पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, मोकळ्या जागेत दमट हवा साचते, इथेनॉल पाणी ओढतं, ते तळाशी बसतं. मग सुरूच होत नाही.

अमळनेरची_ताई: नवापूरकर, तुमचं रेल्वे स्टेशन खरंच अर्धं गुजरातेत आहे?

नवापूरकर: हो ना. बाकड्याचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. पेट्रोल मात्र तिथे मिळत नाही 😄