देशपातळीवरच्या शांतता नेटवर्कचं मेंबर व्हावं का? आमची कमिटी छोटी आहे

लूमवाली_ताई
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमचं यंत्रमागाचं गाव, नाव नाही सांगत. मोहल्ला कमिटी आहे, दोन्हीकडचे लोक, त्यात बायका जास्त, धर्मादायकडे ट्रस्ट म्हणून नोंदणी आहे आणि बाकी सगळा कारभार वर्गणीवर. काम म्हणजे मिरवणुकीचा रस्ता आधी चालून बघायचा, डीजे कुठल्या कोपऱ्यापासून कुठपर्यंत बंद ते मंडळवाले आणि मशिदीचे ट्रस्टी यांना समोरासमोर बसवून ठरवायचं, आणि रात्री एखादा व्हिडिओ फिरायला लागला की गल्लीगल्लीत फोन. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले होते ना, त्या महिन्यात आमची नुसती धावपळ.
आता एका देशपातळीवरच्या नेटवर्कचं पत्र आलंय, मेंबर व्हा म्हणून. फॉर्म, वार्षिक फी, कमिटीचा ठराव, आणि एक कलम की नेटवर्कच्या निवेदनांवर आपलं नाव येणार. पोरी म्हणतात जाऊया, ट्रेनिंग मिळेल. खजिनदार चाचा म्हणतात, दिल्लीच्या निवेदनावर आपलं नाव दिसलं की पोलीस ठाण्यातले साहेब चहा पाजायचे बंद होतील. काय करावं?

खाडीपलीकडचा
चाचांशी सहमत. भिवंडीत १९८४ ला केवढी दंगल झाली, मग १९८८ ला तिथे डीसीपी असलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या काढल्या, पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, आणि ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कुठलं नेटवर्क होतं तेव्हा? ओळखपाळख होती, बस. नाहीतर आपली नेहमीची शांतता कमिटी, सण आला की ठाण्यात बैठक, बिस्किटं, हातात हात घालून फोटो, पुढच्या सणापर्यंत रामराम.

बंदरकाठी
दादा, भिवंडीचं बरोबर आहे पण सगळी कामं गल्लीत नाही होत. आमच्या पालघर जिल्ह्यातली पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, पाकिस्तानने पकडलं की गाव काय करणार? तहसीलला अर्ज देणार. दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात आपल्या माणसाचं नाव आहे का, शिक्षा संपूनही आत का ठेवलाय, हे विचारायला पलीकडे कोणीतरी ओळखीचं लागतं. १९९४ पासून पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम आहे, त्यातले लोक मच्छीमारांसाठी दोन्हीकडे पाठपुरावा करत आलेत. एकट्या गावाचं काम नाही ते. ताई, तुम्हाला गल्लीबाहेरचं नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. नुसतं ट्रेनिंग हवं असेल तर मेंबर न होताही बोलावतात.

पावतीबुक
ट्रस्टची कागदपत्रं बघतो म्हणून लिहितोय. मेंबर व्हायला सभेचा ठराव आणि मिनिट बुकात नोंद पुरते, विश्वस्त किंवा घटना बदलत नसाल तर चेंज रिपोर्टची, म्हणजे धर्मादायकडे बदल कळवायची, भानगड नाही. पैशाचं मात्र नीट ऐका. २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, तेव्हापासून परदेशी पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायला बंदी आहे, दोघींकडे नोंदणी असली तरी. म्हणजे नेटवर्क मोठं, फंडिंग बाहेरचं, त्यातलं थोडं आपल्याकडे येईल, ही आशा कोणी दाखवत असेल तर सरळ नाही म्हणा.
आणि ते निवेदनाचं कलम तसंच सही करू नका. "प्रत्येक निवेदनाआधी मसुदा पाठवावा, आमचा लेखी होकार आल्याशिवाय नाव टाकू नये" एवढं ठरावातच घाला आणि ठरावाची प्रत फॉर्मला जोडा. दिल्लीत बसून निवेदन लिहिणाऱ्याला तुमच्या चौकात काल काय झालं ते माहीत नसतं, आणि तुमच्या गावात ते निवेदन एका बाजूचं म्हणून वाचलं गेलं तर मंडळवाले पुढच्या बैठकीला येणारच नाहीत.

लूमवाली_ताई
हे बेस्ट सांगितलंत. पण ते म्हणाले कलम बदलत नाही, तर?

पावतीबुक
तर मेंबर होऊ नका. त्यांच्या शिबिराला पोरींना पाठवा, एसटीचं भाडं कमिटीतून द्या, व्हाउचर करा.

खाडीपलीकडचा
आणि साहेबांना आधीच सांगून ठेवा, पेपरातून कळायला नको.